श्वास : तीन अवयवांचे सहकार्य

श्वास म्हटला की आपल्याला केवळ फुप्फुसेच आठवतात. वस्तुतः फुप्फुसे प्राणवायू रक्तात मिसळतात आणि हृदय विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर पोहोचवते. मूत्रपिंडांचे कार्य मात्र सहसा ध्यानात येत नाही. त्यांना मिळणारा प्राणवायू घटला की ती एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवतात. त्याच्या प्रेरणेने अस्थिमज्जा तांबड्या पेशींची निर्मिती वाढवते. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांतील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते आणि ते घडण्यास आहारातील लोह लागते. जिना चढताना धाप लागणाऱ्या विद्यार्थिनीला एकेकाळी आम्ही आळशी म्हणत असू. आता आधी तिची रक्ततपासणी करून घेतो. पालकांनीही तसेच करावे, ही विनंती.