बोलीची लाज कशाला? : भाषाशास्त्रज्ञांच्या परिषदांतून मिळणारा धडा



शाळेत ‘पानी’ म्हटले म्हणून हसे झाले, ‘मले’ म्हटले म्हणून छडी बसली आणि त्या दिवसापासून मुलाने वर्गात तोंड उघडणेच सोडले, असे प्रसंग आपल्या वस्त्यांत घरोघरी ऐकायला मिळतात. अशा मुलाला ‘मठ्ठ’ हा शिक्का लवकर बसतो. परंतु ‘अशुद्ध’ म्हणजे नेमके काय? हे ठरवतो कोण? आणि मूल गप्प का होते? या प्रश्नांचा शास्त्रीय विचार जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांनी आपल्या परिषदांमधून केलेला आहे. त्याची ओळख करून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिषद म्हणजे काय?

परिषद म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हारतुरे, भाषणे आणि आभारप्रदर्शन येते. विद्वानांच्या परिषदेचे स्वरूप थोडे निराळे असते. अभ्यासक आपल्या संशोधनाचा सारांश आधी पाठवतो. बहुतेक ठिकाणी त्यावरचे नाव झाकून इतर जाणकार तो तपासतात आणि निवड झाली तरच निबंध वाचायला मिळतो. वाचनाला साधारण वीस मिनिटे आणि त्यानंतर प्रश्नांना दहा मिनिटे असतात. खरी परीक्षा त्या दहा मिनिटांत होते. पुरावा कच्चा असेल तर भल्याभल्यांना तेथे माघार घ्यावी लागते. अधिकारापेक्षा पुराव्याला मान देणे हे या पद्धतीचे मर्म होय.

भाषाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९२८ साली हॉलंडमधील हेग येथे भरली. अमेरिकेतील भाषाशास्त्र संस्था त्याआधी, १९२४ साली स्थापन झाली होती. भाषा शिकणे आणि शिकवणे या विषयाला वाहिलेली उपयोजित भाषाशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना १९६४ साली फ्रान्समधील नान्सी येथे जन्माला आली. मुलांच्या भाषाविकासावर अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठात १९७६ पासून परिषद भरत आली आहे.

आपल्या देशाशीही या परंपरेचा जुना संबंध आहे. १८८६ साली व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या पंडितांची परिषद भरली होती. हिंदुस्थानातील भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी, असा ठराव तिने केला. त्यातूनच पुढे जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली भारतीय भाषांची मोठी पाहणी झाली. तिचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीचा खंड १९०५ सालचा असून त्यात वऱ्हाडी, कोकणी इत्यादींचे नमुने व्याकरणासह दिलेले आहेत. खेड्यातील माणसाच्या तोंडच्या भाषेलाही व्याकरण असते, हे त्यामुळे कागदावर आले.

हार्लेममधील मुलगा

आता ज्या अनुभवापासून आपण सर्वाधिक शिकावे, त्याकडे वळू. तो अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचा आहे.

१९६० च्या दशकात तेथील काही शिक्षणतज्ज्ञ असे म्हणत की, कृष्णवर्णीय वस्तीतील मुलांना घरी भाषाच मिळत नाही, म्हणून ती शाळेत मागे पडतात. विल्यम लबॉव (१९२७-२०२४) या भाषाशास्त्रज्ञाने या मताला १९६९ साली जॉर्जटाउन विद्यापीठाच्या वार्षिक भाषाशास्त्र परिषदेत वाचलेल्या निबंधात उत्तर दिले. निबंधाचा विषय होता, प्रमाण नसलेल्या इंग्रजीतील तर्कशुद्धता.

त्यातील एक उदाहरण प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावे असे आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील आठ वर्षांच्या एका मुलाची मुलाखत घेतली गेली. मुलाखत घेणारा त्याच वस्तीत वाढलेला कृष्णवर्णीय होता. तरीही मुलगा ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे बोलेना. पुढच्या खेपेस मुलाखतकाराने बटाट्याचे वेफर्स आणले, मुलाच्या मित्राला सोबत बसवले, स्वतः जमिनीवर बैठक मारली आणि वस्तीतल्या मोकळ्या भाषेत विषय काढला. तोच मुलगा आता मित्राला मागे सारून बोलू लागला! मूल तेच आणि विचारणाराही तोच होता, बदलली ती परिस्थिती. मुलाजवळ भाषा नव्हती असे नव्हे. वरिष्ठापुढे बोललेला प्रत्येक शब्द आपल्याविरुद्ध जाईल, या भीतीने ती आत अडकली होती.

आम्ही बँकेत काम करतो. बाहेर बाकावर घरच्या अडचणी तपशीलवार सांगणारा माणूस साहेबांच्या टेबलासमोर ‘हो जी’ एवढेच म्हणतो, हे आम्ही अनेकदा पाहतो. त्यामुळे लबॉव यांचा निष्कर्ष आम्हांला दूरदेशीचा वाटत नाही.

लबॉव व इतर अभ्यासकांनी दाखवलेली दुसरी गोष्ट म्हणजे या बोलीतील नियम. ‘ही वर्किंग’ याचा अर्थ तो आत्ता काम करीत आहे आणि ‘ही बी वर्किंग’ याचा अर्थ तो नेहमी काम करीत असतो. हा फरक बोलणारे चुकत नाहीत. ज्याला लोक मोडके इंग्रजी म्हणत, त्यात प्रमाण इंग्रजीहून वेगळा असा काटेकोर नियम निघाला. आपल्या वऱ्हाडीचेही तसेच आहे. ‘मले, तुले, त्याले, घराले’ यांत ‘ला’च्या जागी ‘ले’ सर्वत्र नियमाने येतो. ‘तू काय करून राहिला?’ ही चालू क्रिया सांगण्याची ठरलेली रचना आहे.

न्यायालय व ठराव

हा विचार परिषदेच्या चार भिंतींत राहिला नाही. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने तेथील शाळा प्रशासनावर खटला भरला गेला. लबॉव यांनी त्यात साक्ष दिली. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला. मुलांच्या घरच्या भाषेची दखल न घेतल्यामुळे त्यांच्या वाचनशिक्षणात अडथळा येतो आणि शिक्षकांना त्याचे ज्ञान देणे आवश्यक आहे, असा त्याचा आशय होता.

पुढे १८ डिसेंबर १९९६ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या शिक्षण मंडळाने या बोलीची दखल घेऊन मुलांना प्रमाण इंग्रजी शिकवण्याचा ठराव केला. या बोलीचे ‘इबॉनिक्स’ हे नावही १९७३ साली सेंट लुईस येथील एका परिषदेत पुढे आले होते. ओकलंडच्या ठरावावर देशभर टीकेची झोड उठली. मुलांना बिघडलेले इंग्रजी शिकवणार, असा गैरसमज पसरला. खुद्द कृष्णवर्णीय समाजातील मान्यवरांनीही विरोध केला. ठरावाची मूळ भाषा काही ठिकाणी सदोष होती आणि मंडळाने ती नंतर सुधारली, हेही नमूद केले पाहिजे.

अशा गदारोळात ३ जानेवारी १९९७ रोजी शिकागो येथील वार्षिक अधिवेशनात अमेरिकन भाषाशास्त्र संस्थेने ठराव संमत केला. ही बोली इतर सर्व बोलींप्रमाणे नियमबद्ध आहे, तिला आळशी, सदोष किंवा मोडकी म्हणणे चुकीचे व अपमानकारक आहे, भाषा आणि बोली हा भेद पुष्कळदा सामाजिक व राजकीय कारणांनी केला जातो, आणि घरच्या बोलीला मान देऊन शिकवल्यास प्रमाण भाषा शिकण्यास मदत होते, असा त्याचा सारांश आहे. लोकमत विरुद्ध असताना विद्वानांच्या सभेने पुराव्याच्या बाजूने उभे राहावे, ही आम्हांला मोलाची गोष्ट वाटते.

चूक ही शिकण्याची खूण

भाषा शिकण्याच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दिली. १९६७ साली पिट कॉर्डर या ब्रिटिश अभ्यासकाने असे मांडले की, शिकणाऱ्याच्या चुकांतून त्याच्या मनात कोणता नियम तयार झाला आहे ते कळते. इंग्रजी शिकणारे मूल ‘वेंट’ऐवजी ‘गोएड’ म्हणते, तेव्हा त्याने नियम पकडलेला असतो, अपवाद तेवढा शिकायचा राहिलेला असतो. घाईत जीभ घसरणे वेगळे आणि अशी पद्धतशीर चूक वेगळी. शिक्षकाने ती ओळखली तर पुढचा धडा कोणता द्यायचा ते त्याला कळते.

आपण काय करावे?

यावर कोणी म्हणेल, ‘मग प्रमाण मराठी कशाला शिकायची?’ असा अर्थ कोणी काढू नये. परीक्षा, अर्ज, मुलाखत, न्यायालय सर्वत्र प्रमाण भाषा लागते. ती ज्याला येत नाही त्याच्यासाठी अनेक दरवाजे बंद राहतात. म्हणून ती शिकलीच पाहिजे, उत्तम शिकली पाहिजे. मात्र ती स्वर्गातून उतरलेली नाही. आपले आजचे शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांवर उभे आहे. त्यापूर्वी ‘केलें’ शुद्ध होते, आता ‘केले’ शुद्ध आहे. माणसांनी बसून ठरवलेला नियम माणसाला शिकता येतो. त्यासाठी स्वतःला हीन मानण्याची गरज नाही.

आपल्या अभ्यासिकांसाठी आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

१. मुलाला आधी त्याच्या बोलीत पूर्ण बोलू द्यावे. मध्येच टोकू नये.

२. त्यानंतर फळ्यावर एका बाजूला घरची बोली व दुसऱ्या बाजूला पुस्तकी मराठी लिहून फरक नियमाने समजावावा. ‘मले – मला’, ‘पानी – पाणी’.

३. चुकांची वही ठेवावी. कोणती चूक पुन्हा पुन्हा होते ते पाहून त्यावर सराव द्यावा. हसणे मात्र कटाक्षाने टाळावे.

विद्यार्थी मित्रांनो, आईच्या तोंडची भाषा ही तुमची पहिली पुंजी आहे. बँकेत नवे खाते उघडायचे म्हणून कोणी जुन्या खात्यातील ठेव फेकून देत नाही. प्रमाण मराठी, इंग्रजी, जमल्यास आणखी एखादी भाषा अशी खाती वाढवत जा. पण वर्गात हात वर करण्याआधी आपला उच्चार बरोबर आहे का या धास्तीने हात खाली घेऊ नका. प्रश्न विचारा. ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत विचारा. विचारणारा शिकतो, गप्प राहणारा मागे पडतो.