पोल्ड्यूचे बिनतारी केंद्र : इतिहास आणि अवशेष

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्याच्या किनाऱ्यावर पोल्ड्यू नावाचे ठिकाण आहे. खाली अटलांटिक महासागर आणि वर उघडे, गवताळ पठार. गवतात काँक्रीटचे चौथरे व मातीचे बांध दिसतात. कड्याजवळ ग्रॅनाइटचा एक स्मारकस्तंभ उभा आहे. महासागर ओलांडून बिनतारी संदेश पाठविण्याचा पहिला मोठा प्रयत्न ज्या केंद्रातून झाला, त्याच्या एवढ्याच खुणा शिल्लक आहेत.

गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी १९०० साली येथे बांधकाम सुरू केले. आदल्याच वर्षी त्यांचे संदेश इंग्लिश खाडीपलीकडे पोहोचले होते. आता दोन हजार मैलांहून अधिक अंतर गाठावयाचे होते. प्रक्षेपक यंत्रणेची आखणी प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी केली. प्रत्येकी २०० फूट उंचीचे वीस खांब वर्तुळाकार रोवण्यात आले. परंतु १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळाने ते भुईसपाट केले. मग दोन खांबांमध्ये ५४ तारा पंख्याप्रमाणे टांगून काम निभावण्यात आले.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे मार्कोनी यांनी पतंगाच्या साह्याने तार आकाशात चढविली. पोल्ड्यूहून पाठविलेले मोर्स लिपीतील ‘एस’ अक्षराचे तीन ठिपके आपण व सहकारी केंप यांनी ऐकल्याचे त्यांनी जाहीर केले. तेथे वापरलेल्या पाऱ्याच्या संदेशग्राहकाचे मूळ जगदीशचंद्र बोस यांच्या १८९९ सालच्या संशोधनात आहे, असे प्रतिपादन १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात करण्यात आले आहे. शाळेत हा विषय शिकविताना हा धागा अवश्य सांगावा.

या दाव्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आधार होता तो दोघांच्या कानांचा. कागदी पट्टीवर नोंद झाली नव्हती. शिवाय वेळ दिवसाची होती. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ या जहाजावर मार्कोनी यांनी पट्टीवर नोंदी घेतल्या, तेव्हा पोल्ड्यूचे संकेत रात्री सुमारे २,००० मैलांवर मिळाले, दिवसा मात्र ७०० मैलांच्या आसपास ते लोपले. सूर्यप्रकाशात वातावरणाचा वरचा थर या लहरी शोषून घेतो, हे कारण पुढे उमगले. मूळ यंत्रे व तारांचे जाळे जागेवर नसल्याने केवळ चौथऱ्यांवरून या वादाचा निकाल लागणे कठीण आहे.

पुढे पोल्ड्यूला २१५ फूट उंचीचे चार लाकडी मनोरे उभारण्यात आले. १९०७ पासून अटलांटिकपारचे व्यापारी संदेश आयर्लंडमधील क्लिफडेन केंद्रामार्फत जाऊ लागले. असे असले तरी पोल्ड्यूचे सर्वांत फलदायी कार्य अद्याप व्हावयाचे होते. १९२३-२४ मध्ये सी. एस. फ्रँकलिन यांनी येथे लघुलहरींचे प्रयोग केले. तारांच्या परावर्तकाने लहरींचा झोत एकाच दिशेला रोखला, तर थोड्या विजेत दूरचा पल्ला गाठता येतो, असे आढळले. मे १९२४ मध्ये येथून उच्चारलेले शब्द ऑस्ट्रेलियात सिडनीला ऐकू गेले. जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने अशा ‘बीम’ केंद्रांसाठी मार्कोनी कंपनीशी करार केला.

त्याचे फळ महाराष्ट्रातही आले. १९२७ साली भारत व इंग्लंड यांच्यामध्ये बीम सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते, तर संदेश घेणारे केंद्र दौंडला. समुद्री तारेपेक्षा ही सेवा स्वस्त पडे. स्वातंत्र्यानंतर हा कारभार केंद्र सरकारच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आला.

पोल्ड्यूला लाभलेल्या या यशानेच प्रचंड मनोऱ्यांचे प्रयोजन संपविले. १९३० नंतरच्या दशकात केंद्र बंद होऊन पाडण्यात आले. लाकूड व यंत्रे हलविता येतात, काँक्रीट उचलून नेणे कोणास परवडत नाही. म्हणून चौथरे उरले. १९३७ मध्ये कड्यालगतची सहा एकर जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली, उर्वरित जमीन १९६० मध्ये. शताब्दीनिमित्त २००१ साली तेथे एक लहान माहिती केंद्र बांधण्यात आले. स्थानिक हौशी रेडिओ मंडळाचे सभासद ते चालवितात आणि तेथून मोर्स संदेशही पाठवितात.