पार्किंगचे खांब बघून घर घ्या

नात्यातल्या कुणी "फ्लॅट बघायला चला" म्हटलं की मी आधी पार्किंगमध्ये थांबते. खांब किती जाड आहेत, दोन खांबांच्या मध्ये कुठे भिंत आहे का, खांबाच्या वरच्या टोकाला जिथे तुळई येऊन मिळते तिथे तडे आहेत का, हे सगळं नीट बघते. बरोबरच्यांना वरचं किचन बघायची घाई असते, त्यांची चुळबुळ सुरू होते. होऊ दे. मी अहमदाबादची. २६ जानेवारी २००१ला आम्ही साबरमतीच्या पश्चिमेला, ज्याला तिथले लोक नदीपार म्हणतात, तिथल्या एका चार मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो.

सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं झाली होती. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, त्यामुळे बहुतेक बिऱ्हाडं घरातच. आधी भांड्यांची किणकिण ऐकू आली, मग जमीन डाव्या-उजव्या बाजूला हेलकावे घ्यायला लागली. थांबेल, थांबेल म्हणता वाढतच गेली. उभं राहणं शक्य नव्हतं. सासूबाईंना धरून मी जेवणाच्या टेबलाखाली शिरले आणि टेबलाचा पाय घट्ट पकडला. शेजारचे लोक ओरडत जिन्याकडे धावले. खाली पोचल्यावर त्यातले कित्येकजण पार्किंगमध्येच उभे राहिले, डोक्यावर चार मजले असताना. "बहार नीकळो, बहार!" असं वॉचमन जिवाच्या आकांताने ओरडला, तेव्हा कुठे ते रस्त्यावर गेले.

भूकंपाचं केंद्र होतं कच्छमध्ये, भचाऊजवळ, आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरहून लांब. तीव्रता ७.७. कच्छची वाताहत सगळ्या देशाने पाहिली. गुजरातभरात तेरा हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली सुमारे साडेसातशे एकट्या अहमदाबादेत, इतक्या लांबच्या शहरात. सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती कोसळल्या. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडची एक इमारत त्यातलीच. चार मजल्यांची ती इमारत दुपारी तीन मजल्यांची दिसत होती. पार्किंगचा मजला चेपून गेला होता आणि पहिल्या मजल्याची गॅलरी रस्त्याला टेकली होती. वरच्या भिंतींना मात्र फारसं काही झालं नव्हतं.

त्याच वेळी जुन्या शहरातल्या पोळींमधली, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांमधली, लाकूड-विटांची शंभर-शंभर वर्षांची घरं बहुतेक उभी होती. बैठी घरंही वाचली. म्हणून "निसर्गापुढे कोणाचं काय चालतं" हे वाक्य मला आजही सहन होत नाही. निसर्गाने सगळ्यांना सारखंच हलवलं होतं. पडलं ते माणसांनी विशिष्ट पद्धतीने बांधलेलं.

पुढे इंजिनिअर लोकांकडून जे समजून घेतलं, ते थोडक्यात असं. लांबच्या मोठ्या भूकंपाचे झटपट धक्के वाटेत विरून जातात, पण संथ, लांबलचक लाटा दूरवर पोचतात. अहमदाबाद नदीने आणून टाकलेल्या खोल गाळावर वसलेलं आहे. असा गाळ या लाटा आणखी मोठ्या करतो आणि उंच इमारती नेमक्या अशाच लाटांवर डोलू लागतात. १९८५मध्ये मेक्सिको सिटीत हेच घडलं होतं. केंद्र साडेतीनशे किलोमीटर दूर समुद्रकिनाऱ्याकडे, शहर मात्र जुन्या तळ्याच्या गाळावर. सर्वांत जास्त फटका बसला तो सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना. आणि आमच्या शहराला तर ताकीद आधीच मिळालेली होती. १८१९च्या कच्छच्या भूकंपात इथल्या जामा मशिदीचे झुलते मिनार पडले होते. केंद्र लांब आहे म्हणून आपण सुरक्षित, हा समज दोनशे वर्षांपूर्वीच खोटा ठरला होता. शहर वाढताना हे कुणी लक्षात घेतलं नाही.

आमची इमारत उभी राहिली, पण तिच्याकडे निरखून पाहिल्यावर अंगावर काटा आला. कोपऱ्यातल्या खांबाचा, तुळईच्या खालचा हातभर भाग फुटला होता. काँक्रीट गळून पडलं होतं आणि आतल्या उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फुगल्या होत्या. सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा उघडल्या होत्या. तपासायला आलेल्या एका तरुण इंजिनिअरने मला हाताने दाखवलं. रिंगेचं टोक काटकोनात वाकवून नुसतं बाहेरच्या काँक्रीटमध्ये सोडलेलं. वरचं काँक्रीट निघालं की रिंग सुटणारच. ते टोक १३५ अंशांत वाकवून खांबाच्या पोटात घालायचं असतं. खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकांना दोन रिंगांमधलं अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तिथे ते वीतभर होतं. हे सांगणारं भारतीय मानक, आयएस १३९२०, १९९३पासून छापलेलं होतं. एका खांबामागे काही किलो लोखंड आणि फिटरची अर्ध्या दिवसाची मेहनत, एवढाच काय तो फरक.

वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते एकसंध पेटीसारखे ताठ राहतात. खाली पार्किंगसाठी भिंतीच काढून टाकलेल्या. मग जमीन सरकली की सगळं वाकणं त्या मोजक्या खांबांच्या वाट्याला येतं. त्यात गच्चीवर भरलेली पाण्याची टाकी.

खरी परीक्षा नंतर झाली. बिल्डरने गवंडी पाठवला, फुटलेल्या खांबांवर गिलावा चढवून रंग मारून देतो म्हणाला. आमच्यातल्याही काहींना ते हवंच होतं, कारण रंग मारला की फ्लॅट विकता येणार होता. ज्यांना विकायचा नव्हता ते अडून बसले, त्यात आम्ही. सभा रात्री उशिरापर्यंत चालायच्या, मैदानात, कारण धक्के सुरूच होते आणि वर बसायची कुणाची छाती नव्हती. चौथ्या मजल्यावरचे म्हणत, खांब खालचे आहेत, खर्च खालच्यांनी करावा. हा वाद ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण तुमच्या सोसायटीत तो होणारच आहे. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा. खांब सगळ्यांचे, खर्च सगळ्यांचा.

शेवटी आम्ही काम नीट करून घेतलं. जुना फुटका भाग फोडून काढला, खांबाभोवती नव्या सळया आणि नीट हूक केलेल्या रिंगा बसवल्या, बाहेरून नवं काँक्रीट ओतून खांब जाड केले. आणि काही खांबांच्या मध्ये पायापासून काँक्रीटच्या भिंती घातल्या. या भिंतींमुळे काही गाड्यांच्या जागा गेल्या आणि त्यावरून जी भांडणं झाली ती पैशांवरूनही झाली नव्हती. तरीही सांगते, सर्वांत जास्त उपयोग त्या भिंतींचाच. नुसते खांब जाड करून थांबू नका.

आता माझी बरीच माणसं पुण्यात आणि ठाण्यात आहेत, आणि जवळजवळ सगळी पार्किंगवर उभ्या असलेल्या इमारतींत. "महाराष्ट्रात कुठे भूकंप होतो?" असं ती मलाच विचारतात. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ ही नावं घेतली की गप्प होतात, पण ते खेड्यांपुरतं, असं मनात धरून बसतात. आपल्याकडच्या वर्षानुवर्षं चालत आलेल्या भूकंप नकाशात मुंबई, पुणे आणि अहमदाबाद ही तिन्ही शहरं एकाच, तिसऱ्या पट्ट्यात दाखवलेली आहेत. मुंबईचा मोठा भाग तर भरावावर आहे.

म्हणून जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी पहिलं काम करावं ते म्हणजे स्ट्रक्चरल ड्रॉइंग शोधण्याचं. बहुतेक सोसायट्यांकडे ते नसतं. बिल्डरकडे, आर्किटेक्टकडे, महापालिकेत अर्ज करून मिळवा. इमारत २००२च्या आधीची असेल तर जास्त काळजी घ्या. मोकळ्या तळमजल्याचे खांब आणि तुळया अडीच पट बल धरून डिझाइन करा, असं आयएस १८९३ या मानकात २००२ला आलं. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. पण हे ऑडिट बहुधा गळती, गंज आणि काँक्रीटची ताकद यांवरच थांबतं. इमारत भूकंपात टिकेल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो लेखी विचारावा लागतो. "आयएस १५९८८प्रमाणे तपासणी करून द्या" असं पत्रातच लिहा. खर्च वाढेल. वाढू दे.

नवं घर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर आहे, पण पाच वर्षांत भूकंप येईलच असं नाही. त्यामुळे खांबांचं काम चालू असतानाच साइटवर जा. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी रिंगांची टोकं बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकदा शटरिंग लागलं की पुन्हा काही दिसत नाही. तळमजल्यावरच्या दुकानदाराने जागा मोठी करायला भिंत किंवा खांब छाटायला घेतला तर त्याच दिवशी महापालिकेला कळवा, ओळखीपाळखी बाजूला ठेवून.

विम्याचं एका वाक्यात सांगते. २०२१पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत भूकंप धरलेला आहे.

हलायला लागलं की जिना आणि लिफ्ट दोन्ही टाळा, मजबूत टेबलाखाली बसा, काचांपासून लांब राहा. थांबल्यावर गॅस आणि मेन स्विच बंद करून खाली उतरा आणि इमारतीच्या उंचीइतकं तरी लांब जाऊन थांबा. परत वर जाण्याआधी पार्किंगमधल्या प्रत्येक खांबाचं वरचं आणि खालचं टोक बघा. विटांच्या भिंतीला तडा गेला असेल तर तो इंजिनिअरला दाखवता येईल, पण खांबाला तिरका तडा किंवा उघडी सळई दिसली तर दागिने आणायलाही वर जायचं नाही. नंतरचे धक्के येत राहतात.

ठाण्यातल्या माझ्या भाच्याची सोसायटी सध्या पुनर्विकासाच्या करारावर सही करायच्या बेतात आहे. कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस फंड, सगळं घासून घेतलंय त्यांनी. भाच्याने माझ्या आग्रहाखातर मसुद्यात दोन कलमं घालायला लावली आहेत. सोसायटीने नेमलेला, बिल्डरशी संबंध नसलेला इंजिनिअर प्रत्येक स्लॅबच्या आधी लोखंड तपासून सही करेल, आणि ड्रॉइंगचा पूर्ण संच ताबा देताना सोसायटीच्या हातात पडेल. बिल्डरचा वकील पहिल्या कलमाला विरोध करतोय. येत्या रविवारी सभा आहे आणि भाच्याने मला बोलायला बोलावलंय.