जुन्या मालवाहू गाडीचा इंजिन-कॉम्प्युटर बदलण्यापूर्वी



टोमॅटोची तोडणी संध्याकाळी आटोपली, क्रेट गाडीत भरून झाले आणि नेमकी त्याच वेळी पिकअप सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, पण इंजिन उचलत नाही. गॅरेजवाला बोनेट उघडून पाहतो आणि सांगतो, "ईसीएम गेला, बदलावा लागेल." माल नाशवंत असतो, हातात वेळ नसतो. अशा घाईत पुष्कळ जण होकार देतात. नवा कॉम्प्युटर बसतो, पैसे जातात आणि गाडी मात्र होती तिथेच उभी राहते. विजेवर चालणारा भाग एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही.

इंजिन-कॉम्प्युटर खराब होतो, हे खरे आहे. परंतु तो खराब झाल्यासारखी दिसणारी लक्षणे बहुधा बॅटरी, अर्थिंग, रिले, वायरिंग किंवा एखादा सेन्सर यांच्या बिघाडातून येतात. म्हणून कॉम्प्युटर सर्वात शेवटी बदलावा. त्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात व बदलताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती येथे दिली आहे.

कॉम्प्युटर काय काम करतो?

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत किती डिझेल सोडायचे ते पंपच ठरवत असे. कॉमन रेल इंजिनात हे काम कॉम्प्युटर करतो. भारत स्टेज-४ ची मानके काही मोठ्या शहरांत १ एप्रिल २०१० पासून व देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून स्टेज-६ आले. त्यामुळे आज 'जुनी' म्हणून वापरात असलेल्या बऱ्याच पिकअप व ट्रकमध्येही हा कॉम्प्युटर आहे.

क्रँक सेन्सर इंजिन किती वेगाने व कोणत्या स्थितीत फिरते ते कळवतो. रेल प्रेशर सेन्सर डिझेलचा दाब सांगतो. पॅडलचा सेन्सर चालकाने किती रेस दिली ते सांगतो. या माहितीवरून कॉम्प्युटर प्रत्येक इंजेक्टर केव्हा व किती वेळ उघडायचा ते ठरवतो. यासाठी त्याला चांगला वीजपुरवठा, चांगली अर्थिंग आणि सेन्सरकडून खरी माहिती, या तीन गोष्टी लागतात. यांपैकी एक जरी बिघडली तरी चांगला कॉम्प्युटर मेल्यासारखा वागतो.

बदलण्यापूर्वीच्या तपासण्या

पुढील आकडे १२ व्होल्टच्या गाडीसाठी आहेत. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये बॅटरीचे आकडे दुप्पट धरावेत.

१) बॅटरी : इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. स्टार्टर फिरताना तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. त्याहून खाली गेल्यास स्टार्टर कसाबसा फिरतो, पण कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. बॅटरीचे टोक सैल किंवा पांढरे पडले असल्यास प्रथम ते साफ करून आवळावे.

२) अर्थिंग : मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे इंजिन ब्लॉकला लावून स्टार्टर फिरवावा. मीटरने अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवल्यास अर्थची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे असे समजावे. शेणखत, मीठ व ओला भाजीपाला वाहणाऱ्या गाडीत चेसिसवरील अर्थचे बोल्ट लवकर गंजतात.

३) फ्यूज व मुख्य रिले : कॉम्प्युटरला मुख्य रिलेतून वीज मिळते. त्याच आकाराचा व त्याच क्रमांकाचा चांगला रिले जागेवर बसवून पाहावा. पाच मिनिटांच्या या कामाने अनेकदा गाडी सुरू होते.

४) दिव्याची चाचणी : येथे मल्टिमीटर फसवतो. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, परंतु तेवढ्या तारेतून पुरेसा प्रवाह जात नाही. म्हणून किल्ली बंद करून, बॅटरीचे ऋण टोक काढून, कॉम्प्युटरचा कपलर सोडवावा. नंतर बॅटरी पुन्हा जोडून कपलरमधील पुरवठ्याची व अर्थची वायर यांच्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा लावून पाहावा. ज्या वायरीत रिलेनंतर वीज येते, तिच्यासाठी रिले चालू असावा लागतो. दिवा पूर्ण उजळला तरच पुरवठा व अर्थ ठीक आहेत. कोणती वायर कशाची, हे वायरिंगच्या आकृतीवरूनच ठरवावे. सेन्सरच्या वायरींना हा दिवा कधीही लावू नये. पिनमध्ये जाड सुई खुपसू नये. पिन पसरते व नवा दोष तयार होतो.

५) सेन्सरचे ५ व्होल्ट : कॉम्प्युटर अनेक सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा करतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर चेसिसला घासली तर हा पुरवठा कोसळतो आणि एकाच वेळी अनेक सेन्सर खराब असल्याचे दिसते. सेन्सरचे कपलर एकेक करून काढावेत. जो काढताच ५ व्होल्ट परत येतात तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी समजावी.

६) वायरिंग व कपलर : उंदरांनी कुरतडलेल्या, सायलेन्सरजवळ वितळलेल्या व पत्र्याला घासलेल्या वायरी शोधाव्यात. कपलरमध्ये पाणी, हिरवट गंज किंवा वाकलेली पिन आहे का ते पाहावे. धान्याच्या किंवा चाऱ्याच्या गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांचा उपद्रव हमखास असतो.

७) डिझेल : फिल्टरमधील पाणी काढावे व लाइनमध्ये हवा नाही याची खात्री करावी. रेलमध्ये पुरेसा दाब तयार झाला नाही तर कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. यात त्याचा दोष नसतो.

स्कॅनर काय सांगतो?

स्कॅनरवर आलेला संकेत म्हणजे निदान नव्हे. कुठे शोधायचे याची ती खूण आहे. स्टेज-४ व नंतरच्या गाड्यांत नेहमी आढळणारे काही संकेत असे : 'पी ०३३५' हा क्रँक सेन्सरच्या मार्गातील दोष, 'पी ०६४२' हा सेन्सरचा ५ व्होल्ट पुरवठा कमी असल्याचा, 'यू ०१००' हा कॉम्प्युटरशी संपर्क तुटल्याचा आणि 'पी ०६०६' हा कॉम्प्युटरच्या अंतर्गत दोषाचा. यांपैकी शेवटचा संकेतही वीजपुरवठा कमजोर असताना कधीकधी नोंदला जातो. म्हणून बॅटरी ठीक करून, संकेत पुसून पुन्हा तपासावे.

स्कॅनर जोडलाच जात नसेल तर बॅटरी सोडवून स्कॅनरच्या १६ पिनच्या सॉकेटमधील ६ व १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये रोध मोजावा. या पिनांवर कॅन लाइन असलेल्या गाडीत तो सुमारे ६० ओहम असतो. १२० ओहम आल्यास लाइन कुठेतरी तुटलेली आहे, शून्याजवळ आल्यास दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

पुरवठा, अर्थ, वायरिंग व सेन्सर हे सर्व ठीक असूनही सर्व सेन्सर काढल्यावर ५ व्होल्ट येत नसतील, अथवा इंजेक्टर व त्याची वायर चांगली असूनही कॉम्प्युटर त्याला चालना देत नसेल, तरच कॉम्प्युटरवर बोट ठेवावे. अशा वेळीही आधी तो जाणकार कारागिराकडून टेबलावर तपासून घ्यावा. आतील जळालेला एखादा भाग बदलून काही कॉम्प्युटर दुरुस्त होतात.

बदलताना घ्यावयाची काळजी

● जुन्या कॉम्प्युटरवरील भाग क्रमांक पूर्ण जुळवावा. बाहेरून तोच दिसणारा व त्याच कपलरचा कॉम्प्युटर वेगळ्या इंजिनाचा किंवा वेगळ्या स्टेजचा असू शकतो.

● जुन्या गाडीतून काढलेला कॉम्प्युटर स्वस्त पडतो. परंतु इमोबिलायझर असलेल्या गाडीत तो त्या गाडीच्या किल्लीशी बांधलेला असतो. आपल्या जुन्या कॉम्प्युटरमधील माहिती त्यात उतरवून देणारा कारागीर मिळाला तरच तो घ्यावा. त्यासाठी जुना कॉम्प्युटर फेकून देऊ नये.

● बहुतेक कॉमन रेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर अक्षरे व आकडे मिळून एक संकेत छापलेला असतो. तो सिलिंडरच्या क्रमाने नव्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. न भरल्यास इंजिन खडखडते, धूर वाढतो व डिझेल जास्त लागते.

● किल्ली बंद केल्यावर मुख्य रिले काही वेळ चालू राहतो. काही मिनिटे थांबून, बॅटरीचे ऋण टोक काढूनच कपलर सोडवावा. पिनांना बोट लावू नये.

● चालू इंजिनात इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नये. तेथे बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक व्होल्ट असतात. रेलची नळी ढिली करून डिझेल पाहण्याची यांत्रिक पंपाची पद्धत येथे जीवघेणी आहे. हजार बारहून अधिक दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते.

● आधीचा कॉम्प्युटर का जळाला ते शोधावे. शॉर्ट झालेला इंजेक्टर, बेसुमार चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा पाणी झिरपणारा कपलर तसाच राहिला तर नवाही जळेल.

जळू नये म्हणून

गाडीच्या हौद्याला किंवा चेसिसला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची दोन्ही टोके व कॉम्प्युटरचा कपलर काढावा. अल्टरनेटर चार्ज करतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीचे टोक काढण्याची जुनी सवय सोडावी. त्या क्षणी उसळणारा दाब कॉम्प्युटर जाळू शकतो. १२ व्होल्टच्या पिकअपला २४ व्होल्टच्या ट्रकवरून करंट देऊन सुरू करू नये. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा कॉम्प्युटर व कपलरवर मारू नये.

वरील बहुतेक तपासण्यांसाठी एक मल्टिमीटर, एक दिवा आणि अर्धा दिवस पुरेसा आहे. गॅरेजमध्ये "ईसीएम गेला" असे सांगितले तर एवढेच विचारावे : पुरवठा व अर्थ दिव्यावर तपासली का? ५ व्होल्ट पाहिले का? स्कॅनरवर कोणता संकेत आला? उत्तर मिळाले नाही तर भरलेला माल दुसऱ्या गाडीने बाजारात पाठवावा. भाडे गेले तरी चालेल, पण घाईने कॉम्प्युटर घेऊ नये. हंगाम सुरू होण्यापूर्वीच बॅटरीची टोके, अर्थचे बोल्ट व वायरिंग एकदा तपासून घेतल्यास ही वेळ सहसा येत नाही.