देहांतील अग्नि

चुलींत लांकूड जळतांना आपण नित्य पाहतों. परंतु आपल्या देहांतही एक अग्नि अहोरात्र पेटलेला असतो, ह्याचा विचार आपणांपैकीं फार थोड्यांनीं केला असेल. बाहेर थंडी असो वा ऊन असो, निरोगी मनुष्याच्या शरीराचें उष्णतामान सुमारें ३७ अंश सेल्सिअस असतें. ही उष्णता येते कोठून?

ह्या प्रश्नाचा उलगडा फ्रान्स देशांतील लाव्हाझिये व लाप्लास ह्या विद्वानांनीं इ. स. १७८३ च्या सुमारास केला. बर्फानें वेढलेल्या पात्रांत एक गिनिपिग ठेवून त्याच्या ऊबेनें किती बर्फ वितळतो, हें त्यांनीं मोजलें. तो प्राणी जितका कर्बाम्ल वायु सोडतो, तितका उत्पन्न होईल एवढा कोळसा जाळल्यास किती बर्फ वितळेल, ह्याचाही हिशेब केला. दोन्ही आंकडे बरेच जवळ आले. तेव्हां श्वसन हें एक मंद ज्वलनच होय, असें त्यांनीं ठरविलें.

हें ज्वलन फुप्फुसांत होतें, असा मात्र त्यांचा समज होता. वस्तुतः तें पेशीपेशींत चालतें, हें पुढें सिद्ध झालें. भाकरींतील पिष्ट पचून त्याची शर्करा होते; रक्त ती पेशींकडे नेतें; तेथें प्राणवायूच्या साहाय्यानें तिच्यांतील शक्ति पायरीपायरीनें सुटते. कांहीं शक्ति एटीपी नामक द्रव्यांत सांठून स्नायु व मेंदू ह्यांच्या कामीं येते. बाकीची उष्णता होते. एक ग्रॅम पिष्टापासून अथवा प्रथिनापासून सुमारें ४, तर स्निग्ध पदार्थापासून सुमारें ९ किलोकॅलरी मिळतात.

सरपण संपलें म्हणजे चूल विझते. देहाग्नि मात्र विझून चालत नाहीं. अन्न न मिळाल्यास यकृतांतील शर्करेचा सांठा सुमारें एका दिवसांत संपतो. चरबी जळूं लागते, आणि मेंदूस शर्करा पुरविण्यासाठीं स्नायूंतील प्रथिनेंही खर्चीं पडतात. घराचेच वासे काढून चूल पेटविण्यासारखें हें आहे. मेंदूचें वजन देहाच्या सुमारें पन्नासावा भाग. परंतु विश्रांतींतील शक्तिव्ययाचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटाच घेतो.

म्हणून एखाद्या सोबत्याचें चित्त पाठांत लागत नसेल, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं आम्ही विद्यार्थ्यांनीं विचारावें, 'गड्या, सकाळीं कांहीं खाल्लेंस काय?' जेवणापूर्वीं आपण ईश्वराचे आभार मानतों; आपल्या डब्यांतील अर्धी भाकरी त्याच्यापुढें ठेविली, तरच ते आभार खरे.