कपालभाती : किती करावी, कोणी टाळावी?

कपालभातीत जोर फक्त उच्छ्वासावर असतो. पोट झटक्याने आत जाते, श्वास आपोआप भरतो. खांदे उडू लागले, चेहरा आक्रसला, तर पद्धत चुकते आहे. हठयोगप्रदीपिकेत ती प्राणायामात नव्हे, षट्कर्मांत, म्हणजे सहा शुद्धिक्रियांत मोजली आहे. नवशिक्याने रिकाम्या पोटी, सेकंदाला साधारण एक असे वीस-तीस झटके द्यावेत. श्वास शांत झाल्यावरच पुढचे आवर्तन. शेकड्यांची चढाओढ व्यर्थ. चक्कर किंवा बोटांना मुंग्या आल्यास लगेच थांबावे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरल्याची ती खूण. गरोदरपण, हर्निया, अपस्मार, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू किंवा पोटाची ताजी शस्त्रक्रिया असल्यास कपालभाती वर्ज्य. चिंचोटी नाक्यासारख्या महामार्गालगतच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी ट्रकच्या धुरात, गच्चीवर बसण्यापेक्षा महामार्गापासून आतली खोली निवडावी. रात्री मात्र नकोच, झोप उडते.