तेही लेकरू तीनच वर्षांचं आहे

जून जवळ आला की आपल्या घरात एकच विषय. कोणतं कॉन्व्हेंट, फी किती, गाडी दारापर्यंत येते का. लेकराला अजून चपला नीट घालता येत नाहीत, पण आपल्या पोटात गोळा: आपलं मागं तर पडणार नाही ना? वाशिम, रिसोड, कारंजा, कुठंही जा, आईबापांची धास्ती हीच.

त्या गडबडीत आपण सहज बोलून जातो, "अंगणवाडीत काय, खिचडीच तर मिळते!" घरी कामाला येणाऱ्या ताईच्या कानावर ते पडतं. तिच्या लेकराला दुसरी जागाच नसते. मग तिचंही मन लागत नाही, आज पाठवते, उद्या नाही.

खिचडी तर हवीच. पण गाणी, गोष्टी, मणी ओवणं, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हेही लेकरं तिथंच शिकतात. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मला तर ही महाराष्ट्रातली फार मोठी गोष्ट वाटते.

आपल्याकडच्या कितीतरी तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. घरी आजी असेल तर लेकरू मागं राहतं, नाही तर फडात पाचटावर खेळतं. परत येईस्तोवर उन्हाळा लागलेला असतो. मग ते अंगणवाडीच्या दारात उभं राहतं, चौकट धरून. आत सगळे हातवारे करून गाणं म्हणतात, याला त्यातलं काहीच येत नाही. आपण म्हणतो, हट्टी आहे. हट्टी नसतं हो ते, बावरलेलं असतं. सेविकाताईंनी हात धरून शेजारी बसवलं, की दोन-चार दिवसांत तेही टाळ्या वाजवू लागतं.

आता आपल्या कॉन्व्हेंटबद्दल. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या आहेत. शाळेत नर्सरी असेल तर नर्सरीपासून. २०२४ मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट देणारा बदल झाला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. म्हणजे ते लेकरू तिथं हक्कानं बसतं. तरी घरात आपण "फुकटवाले" म्हणतो आणि आपलं पोर तोच शब्द डब्याच्या सुट्टीत वापरतं.

शाळेतल्या "फ्रूट डे"ला पालकांच्या ग्रुपवर महागड्या फळांचे फोटो पडतात. त्या दिवशी कुणाच्या तरी पोटात दुखतं आणि ते शाळेत येत नाही. आपणच आधी लिहावं, "आम्ही केळं देतोय." तेवढ्यानं एका आईचा जीव भांड्यात पडतो.

आपण सगळे थकलेलो असतो, मान्य. पण आपले दाखले काढायला सेतू केंद्रात जातोच, तेव्हा घरी कामाला येणाऱ्या त्या ताईलाही सोबत न्या. २५ टक्क्यांतल्या जागेसाठीचा तिचा ऑनलाइन अर्ज आपल्या मोबाइलवरून भरून द्या.

आणि शेजारच्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० लेकरं असून अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश आहे. त्या मागणीच्या अर्जावर तांड्यावरच्या आयांसोबत आपलीही सही असू द्या.